रक्तवाहिन्यांसाठी एक वाक्य

अन्न आधी नासावं की ते खाणारा माणूस, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. हजारो वर्षं या बाबतीत निसर्गाची मनमानी चालली. दूध संध्याकाळपर्यंत फाटायचं, फळं दोन दिवसांत काळी पडायची, आणि माणूस मात्र खुशाल सत्तर-ऐंशी वर्षं टिकायचा. हा अन्नावर उघड अन्याय होता. आधुनिक उद्योगानं तो दूर केला. आता सॉसची बाटली उघडी राहिली तरी सॉसचं काही बिघडत नाही. जे काय बिघडायचं ते खाणाऱ्याचं बिघडतं, आणि तेही आतल्या आत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वास न येता.

या सुधारणेला ज्या कंपन्यांनी मनापासून हातभार लावला, त्यांपैकी एका कंपनीत ती मुद्रितशोधक होती. सूप, सॉस, जॅम, मांसाचे हवाबंद काप आणि महिनाभर मऊ राहणारा पाव (पावाला हे कसं जमतं ते विचारू नये, मऊपणा हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग असतो) यांच्या वेष्टनांवरचा एकूण एक शब्द छापण्याआधी तिच्या टेबलावरून जायचा. वेष्टनाची पुढची बाजू विक्री विभागाची. तिथले शब्द मोठे आणि मोजके: ताजं, घरचं, अस्सल. मागची बाजू तिची. तिथले शब्द बारीक आणि भरपूर. तिसऱ्या मजल्यावर, माल चढवायच्या फाटकाकडे उघडणाऱ्या एकुलत्या एका खिडकीपाशी बसून ती भिंगातून ते तपासायची. 'सोडियम बेन्झोएट' या शब्दातली एक मात्रा राहून गेली असती, तर कंपनीची बदनामी झाली असती. खुद्द सोडियम बेन्झोएट राहिलं तर काही बिघडत नव्हतं. ते राहायलाच आलं होतं.

घरी तिचे वडील होते. म्हणजे घरी नव्हे, समोरच्या दारात. जिन्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये पायपुसणं. बाबा शहराच्या पाणीपुरवठ्यात फिटर म्हणून निवृत्त झाले होते. आई गेल्यापासून त्यांचा आणि स्वयंपाकाचा संबंध डबा उघडण्यापुरता उरला होता. ती रोज सकाळी ताट झाकून ठेवून कामावर जायची. बाबा ते ताट अत्यंत आदरानं उचलून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि सूपचा डबा फोडायचे. यामागे विचार होता.

"तुझं जेवण ताजं आहे. ते कुठं पळून जातंय?" ते म्हणायचे. "डब्यावर तारीख छापलीय. तो आधी संपवायला नको?"

"बाबा, त्यावर दोन वर्षांनंतरची तारीख आहे."

"मग? दोन वर्षं जायला कितीसा वेळ लागतो!"

रक्तदाब तपासायला ती त्यांना डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली, तेव्हा बाबांनी दंडाला गुंडाळलेल्या पट्ट्याचं, रबराच्या नळीचं आणि त्या नळीच्या जोडाचं बारकाईनं निरीक्षण केलं आणि जोड ढिला आहे असा अभिप्राय दिला. डॉक्टरबाईंनी आकडा बघितला, पुन्हा एकदा बघितला, आणि पट्टा सोडला.

"काका, रक्तवाहिन्या कडक होत चालल्यात. पाकिटातलं, डब्यातलं सगळं बंद करायचं. त्यात मीठ असतं, आणि ते टिकवायला जे काय घालतात तेही असतं."

"डॉक्टर, मी जन्मभर नळ्याच सांभाळल्या. गाळ कुठं बसतो सांगू? ज्या नळीतल्या पाण्याला जोर नाही, तिथं. माझ्या रक्ताला जोर आहे."

"जोर आहे हेच तर मी सांगतेय. वरचा एकशे सत्तर आहे."

"बघ," बाबा मुलीकडे वळून म्हणाले, "आमच्या वेळी तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवायला जीव जायचा."

याच सुमारास जगात दुसरीकडेही रक्तवाहिन्यांचा विचार चालू होता. हजारो लोक काय खातात हे बरीच वर्षं टिपत बसलेल्या अभ्यासकांना असं दिसलं, की अन्न टिकवणारी काही परिरक्षक द्रव्यं जास्त खाणाऱ्यांत रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या तक्रारी जरा जास्त असतात. या द्रव्यांमुळेच त्या होतात, असं ते म्हणाले नाहीत. (अभ्यासक सहसा तसं म्हणत नाहीत. सज्जन माणसं असतात.) परंतु तेवढ्यानंही सरकार हललं आणि वेष्टनावर याबाबत 'योग्य ते वाक्य' छापावं अशी हुकूमवजा विनंती सर्व कंपन्यांकडे आली. वाक्य कोणतं, हे कळवलेलं नव्हतं. सरकारचा शब्दांवर विश्वास असतो, पण ते दुसऱ्यानं शोधावेत असं त्याला वाटतं.

कंपनीनं तातडीनं रक्तवाहिनी शब्दसमिती स्थापन केली. अध्यक्षस्थानी कायदेवाले साहेब, सदस्य म्हणून विक्रीबाई आणि कारखान्यातले केमिस्ट, आणि लेखनसाहाय्यासाठी ती. समितीचं उद्दिष्ट पहिल्याच बैठकीत एकमतानं ठरलं: ग्राहकाला सावध करायचं, मात्र त्याला ते जाणवू द्यायचं नाही.

तिच्या मनातलं उद्दिष्ट त्याहून लहान होतं. ते समोरच्या दारात राहत होतं आणि सूप खात होतं. डॉक्टरबाईंनी सांगून झालं होतं, तिनं रडून झालं होतं, एकदा डबे लपवूनही झाले होते (बाबांनी ते पंधरा मिनिटांत शोधले, गळती कुठं आहे हे शोधण्यात त्यांची हयात गेली होती). आता छापील शब्द उरला होता. बाबा छापलेलं मानायचे. वर्तमानपत्रात आलं म्हणजे झालंच, असं म्हणणाऱ्या पिढीतले ते. तेव्हा योग्य वाक्य सापडलं, शब्द न् शब्द जागच्या जागी बसला, की बाबा डबा खाली ठेवतील, याबद्दल तिला शंका नव्हती. मुद्रितशोधकाला जगातल्या सगळ्या चुका दुरुस्त होण्यासारख्या दिसतात. तो त्या धंद्यातला आजार आहे आणि त्यावर गोळी नाही.

तिनं पहिला मसुदा मांडला: 'या पदार्थातली परिरक्षक द्रव्यं रोज, वर्षानुवर्षं पोटात गेल्यास रक्तदाब वाढण्याचा आणि रक्तवाहिन्या कडक होण्याचा धोका असू शकतो.'

"'रोज' काढा," कायदेवाले साहेब म्हणाले. "रोज म्हटलं की लोक रोज खातात हे आपण मान्य केल्यासारखं होतं."

"पण आपली जाहिरातच आहे, 'रोज, सगळ्यांसाठी'," विक्रीबाई म्हणाल्या.

"ती जाहिरात आहे हो. इथं जबाबदारीनं लिहायचंय."

"आणि 'कडक' हा शब्द मला खटकतोय. नकारात्मक आहे. 'मजबूत' चालणार नाही?"

केमिस्टना ठसका लागला. ते मनानं सरळ होते आणि म्हणून त्यांना प्रत्येक बैठकीत ठसका लागायचा. "बाई, रक्तवाहिनी मऊच बरी असते. ती ताणली गेली पाहिजे, सैल पडली पाहिजे..."

"लोकांना मजबुती नको असते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"हाडांची हवी असते."

"हाडं आपल्या विषयात नाहीत," असा निर्णय अध्यक्षांनी दिला आणि तो नोंदवला गेला. यानंतर 'धोका'ची 'शक्यता' झाली आणि दुपारच्या चहानंतर 'शक्यते'ची 'संधी' झाली. सातव्या मसुद्याच्या वेळी रक्तवाहिन्यांना मजबूत होण्याची संधी मिळत होती. नववा मसुदा असा होता: 'संतुलित आहार घेणाऱ्या सर्व ग्राहकांच्या रक्तवाहिन्यांबद्दल कंपनीला आदर आहे.' हा समितीला इतका आवडला की तो वाक्य म्हणून नाही तरी कॅलेंडरवर घ्यावा, असं ठरलं.

ती मात्र आपला मसुदा घरी घेऊन गेली. बाबा स्टुलावर पाय ठेवून सूप पीत होते. तिनं वाचून दाखवलं. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"भयंकर आहे गं हे," बाबा गंभीरपणे म्हणाले. "काकाला कळवलं पाहिजे. तो माणूस सॉस असा ओततो, जणू आग विझवतोय."

"बाबा, हे तुमच्यासाठी आहे."

"माझ्यासाठी कसं? मी सूप पितो."

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या शहरात राहायचे. त्यांना त्याच रात्री फोन गेला. तिनं मसुद्याकडे पाहिलं आणि दोष शोधला. वाक्य लांब होतं. त्यात 'तुम्ही' नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते कापून आणलं: 'हे रोज खाऊ नका. तुमच्या रक्तवाहिन्या कडक होऊ शकतात.'

"हां! आता कसं बोललीस, मास्तरीणबाई," बाबा खूश झाले. घरातल्या याद्यासुद्धा ती दुरुस्त करायची म्हणून लहानपणापासून तिला हे नाव होतं. "'तुमच्या' घातलंस ते फार छान केलंस. खालच्या दुकानातला किल्लीवाला तसाच आहे. तोंडावर सांगितल्याशिवाय त्याला समजत नाही."

मग तिनं त्यात वय घातलं. 'विशेषतः साठीपुढच्यांनी.' बाबा बहात्तर वर्षांचे होते. "म्हाताऱ्या लोकांना जपायलाच हवं," ते हळहळले. शेवटी चिडून तिनं समितीपुढे एक मसुदा ठेवला, ज्यात 'विशेषतः निवृत्त, एकटे राहणारे आणि मुलीनं झाकून ठेवलेलं ताट फ्रीजमध्ये सरकवणारे गृहस्थ' असा उल्लेख होता. कायदेवाल्या साहेबांनी चष्मा काढून तो दोनदा वाचला. विक्रीबाई पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकल्या.

"हा ग्राहकवर्ग केवढा असेल?" त्यांनी विचारलं. "चांगला मोठा असणार. यांच्यासाठी छोटा डबा काढायला हवा."

समिती अशीच कितीही वर्षं चालली असती (परिरक्षक द्रव्यांशिवाय टिकणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी जगात आहेत, त्यांत समित्या येतात). पण सरकारनं पुन्हा विनंती केली आणि या खेपेस तीत हुकूम जास्त होता. तेव्हा नाइलाजानं तिचं लहान वाक्य दुकानांतून तीनशे ग्राहकांना दाखवण्यात आलं. निष्कर्ष डोळे उघडणारे होते. वाक्य सगळ्यांना कळलं. ते छापलंच पाहिजे, असं जवळजवळ सगळ्यांनी ठासून सांगितलं. त्याची गरज कोणाला आहे, या प्रश्नाची उत्तरं अशी आली: नवरा किंवा बायको, शेकडा अडतीस, सासूबाई, एकतीस, आजकालची मुलं, बावीस, साहेब, सहा, शेजारी, तीन. 'मला स्वतःला' असं एकाच माणसानं सांगितलं, पण तो आपलाच केमिस्ट निघाला, सबब त्याला ग्राहक धरलं नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, वाक्य वाचणाऱ्यांनी न वाचणाऱ्यांपेक्षा जास्त डबे घेतले. इतकं खरं बोलणारी कंपनी फसवणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"खरं बोलून नुकसान होत नाही, हे आधी का नाही सांगितलंत?" कायदेवाले साहेब केमिस्टवर रागावले.

विक्रीबाईंनी ते वाक्य मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर आणलं. ठळक, लाल, चौकटीत. 'ताजं' आणि 'अस्सल' या शब्दांना त्याच्यासाठी थोडं सरकावं लागलं. मुद्रितशोधकाचं वाक्य दर्शनी बाजूवर छापलं जाण्याची कंपनीच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ होती. खाली माल चढवणाऱ्यांनी तिला खिडकीतून हाक मारून सांगितलं, "बाई, तुमचं लिहिलेलं लांबून पण वाचता येतंय!"

पहिला छापील डबा ती स्वतः बाबांकडे घेऊन गेली. बाबांनी चष्मा लावला. डबा दिव्याखाली धरला. ओठ हलवत वाचलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"पुढच्या बाजूला?"

"हो, बाबा."

बाबांनी नाक पुसलं. मग कात्री मागितली. डब्याभोवतीचा कागद त्यांनी अलगद सोडवला आणि लाल चौकट अशी कापली, की रेघेबाहेर केसभर कागद गेला नाही. ती चौकट पाकिटात घालून त्यांनी वर काकांचा पत्ता घातला. मग डबा नुसताच उरला. तो उघडावा लागला.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा बाबांच्या ओट्यावर सहा डबे उभे होते.

"हे काय?"

"चौकटी वाटायला. किल्लीवाल्याला एक, डॉक्टरबाईंना एक, तुझ्या मावशीला एक, आमच्या पाणीपुरवठ्यातले तिघं."

"आणि आतलं सूप?"

"आतलं सूप काय? टाकून देऊ? अन्न आहे ते."

मुलीचा इशारा चार माणसांपर्यंत पोचावा म्हणून बाबा आता पूर्वीपेक्षा दुप्पट सूप पिऊ लागले. मांसाच्या कापांवरची चौकट जास्त मोठी आहे, असं लक्षात आल्यावर त्यांनी कापही आणले. तिनं कारखान्यातून सुट्या छापील वेष्टनांचा गठ्ठा आणला, नुसता कागद, आत काही नाही. बाबांनी तो परत केला. "यावर तारीख नाही. लोक म्हणतील, घरीच छापलंय."

तेव्हा ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. जन्मात पहिल्यांदा तिनं मसुदा केला नव्हता.

"बाबा, मी हे तुमच्यासाठी लिहिलं. फक्त तुमच्यासाठी. काकाच्या, किल्लीवाल्याच्या, कोणाच्याही रक्तवाहिन्यांचं मला काही पडलेलं नाही. तुमच्या वाहिन्या कडक झाल्यात. तुम्ही मला हवे आहात."

बाबांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"अगं, मग मला तसं सांगायचंस. छापत कशाला बसलीस?"

"सांगितलं की! वर्षभर सांगतेय."

"तू रागावत होतीस. मला वाटलं, भांडतेयस," बाबा म्हणाले. "आणि छापलेलं काय, ते सगळ्यांसाठी असतं. बरं, जाऊ दे. सोमवारपासून बंद."

आणि खरोखर सोमवारपासून बंद केलं. सोमवारी त्यांनी तिच्या ताटातली भाजी खाल्ली, मीठ कमी आहे असं नोंदवलं आणि सॉस मागितला. तिनं दिला नाही. मंगळवारी पुन्हा मागितला. बुधवारी मागितला नाही, फक्त बाटली ठेवायच्या जागेकडे दोनदा बघितलं. तिसऱ्या आठवड्यात ते तिला कांदा कसा चिरावा हे शिकवू लागले. त्यांना स्वतःला येत नव्हतं, पण सुरी कशी धरतात हे माहीत होतं. ते दोन महिने दोघांनी जिन्याचं पायपुसणं ओलांडून रोज एकत्र जेवण केलं आणि रोज मिठावरून वाद घातला. इतकं चांगलं तिचं कोणाशीच कधी भांडण झालं नव्हतं.

थंडीच्या तोंडावर, एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या बाबा गेले.

कशानं, असं तिनं डॉक्टरबाईंना विचारलं. डॉक्टरबाई प्रामाणिक होत्या. वय होतं, म्हणाल्या, मीठ होतं, तरुणपणी ओढलेल्या विड्या होत्या, डबे होते, एकटेपण होतं. यातल्या नेमक्या एकाकडे बोट दाखवता येत नाही. म्हणजे निर्णय समितीनं घेतला होता, आणि समितीच्या निर्णयात असतं तसं कोणीच एकटं जबाबदार नव्हतं.

भेटायला माणसं आली. काका आले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "पोरी, तुझं ते लाल अक्षरातलं दादानं मला पाठवलं होतं हं. फार उपयोगी. मी लगेच माझ्या व्याह्यांना पाठवलं. त्यांचं खाणं बघवत नाही."

किल्लीवाला दारातच उभा राहिला. "ताई, मी तर ते दुकानात चिकटवलंय. गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर. माझी पाठ असते त्या भिंतीकडे, पण लोक वाचतात."

मावशीनं जावयाला दिलं होतं. पाणीपुरवठ्यातल्या तिघांनी एकमेकांना दिलं होतं. डॉक्टरबाईंच्या टेबलावर ते काचेखाली होतं, रोग्यांकडे तोंड करून. सगळे अगदी मनापासून सांगत होते, आणि कोणीतरी आणून ठेवलेल्या बिस्किटांच्या पुड्याकडे हात नेत होते. तिला हसू फुटलं. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच. काकांना वाटलं रडतेय. त्यांनी तिला एक बिस्किट दिलं. तिनं ते खाल्लं.

त्या संध्याकाळी स्वयंपाक करायचं त्राण नव्हतं. तिनं बाबांच्या फडताळातला एक डबा काढला आणि गरम करत ठेवता ठेवता सवयीनं त्यावरचं वाक्य तपासलं. चूक नव्हती. वाक्य सरळ होतं, 'तुमच्या' जागच्या जागी होतं, आणि वाचता वाचता तिच्या मनात अगदी स्वच्छ विचार आला, की हे विक्रीबाईंनी एकदा नीट वाचायला हवं.

वाचकहो, इथपर्यंत येता येता तुमच्याही डोळ्यांसमोर एक माणूस येऊन बसला असेल. त्याचं खाणं, त्याचा रक्तदाब, त्याचा हट्ट. ही गोष्ट त्याला पाठवायची, हेही तुम्ही ठरवलं असेल. जरूर पाठवा. फक्त पाठवण्याआधी आलेले निरोप एकदा बघून घ्या. त्यानं ती तुम्हाला सकाळीच पाठवली आहे.